दुसऱ्या दिवशीचं

हे लिहिणारच नव्हतो. चर्चच्या मंडळीतलं मंडळीतच राहावं असं वाटत होतं. पण आकाराम गवंडी स्वतःच दोनदा म्हणाला, लिही, आणि काही झाकू नकोस.

चौऱ्याहत्तर सालचा एक ऐतवार. उंब्रजजवळच्या खेड्यातलं पत्र्याच्या छपराचं चर्च. उपासनेत साक्षीची वेळ झाली, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची. आकाराम उठला.

अठरा वर्षं तो एकच साक्ष देत आला होता आणि अठरा वर्षं ती लोकांना गोड लागत होती. कृष्णेचा काठ, संक्रांतीची थंडी, तोंडाला लावलेली हातभट्टीची बाटली, आणि एकाएकी कुणीतरी दंड धरल्यासारखं झालं. इथं तो थांबायचा. बाया डोळ्याला पदर लावायच्या. मग हात उगारून बाटली फेकल्याचं दाखवायचा, की चटईवरची पोरं एका सुरात म्हणायची, ‘बुडूक!’ शेवटचं वाक्य तर सगळ्यांच्याच ओठांवर असायचं. त्या दिसापास्नं आजतागायत शिवलो न्हाई.

त्या दिवशी उपासना चालवायला सांगलीहून पाहुणे पाळकसाहेब आले होते. उपासना सुटल्यावर त्यांनी आकारामचा हात दोन्ही हातांत धरला. आजच संध्याकाळी सांगलीत मोठा मेळावा होता, पाचशे माणूस येणार होतं. दुपारच्या एसटीनं बरोबर चला, म्हणाले, आणि हेच, अस्संच सांगा. आकारामनं लगेच हो म्हटलं. बायकोला, रंगूबाईला, कोट काढून ठेवायला घरी पिटाळलं. सांगलीतली पोरं ‘बुडूक’ म्हणतील का, एवढीच काय ती शंका.

पायरीवर चपलांच्या गर्दीत अर्जुना सुतार बसला होता. एके काळी दोघं एकाच बाटलीतले वाटेकरी. चर्चपाशी आज पहिल्यांदाच आलेला, तोही आत न येता बाहेरूनच ऐकत होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

“कशी झाली रं?” आकारामनं विचारलं.

“झ्याक. आमच्या आळीतबी पाठ हाय ती.”

मग खाली बघत अर्जुनानं सांगितलं की सोमवारपासून त्यानंही सोडलीय. दिवस निघतो, रंधा मारण्यात निघतो. सांज काही निघत नाही. त्यानं हात बाहेर काढून दाखवले. बोटं उभ्या पिकासारखी हलत होती.

“बाटली टाकलीस ते समजलं, आकाराम. दुसऱ्या दिशी सांजंला काय केलंस?”

आकारामनं तोंड उघडलं. आधी बायबलातलं एक वचन ओठावर आलं, ते त्यानं गिळलं. मग प्रार्थना कर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. त्याची स्वतःची प्रार्थना आता जेवणापुरती उरली होती, तीही भाकरी गार व्हायच्या आत आटपायची.

तो पायरीवर बसला. बसल्यावर हळूहळू आठवायला लागलं. दुसऱ्या सांजंला तोही असाच थरथरत होता. चर्च झाडणारा म्हातारा तात्याबा धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला आणि दारात बसला. फोड, म्हणाला. दोघं शेंगा फोडत बसले. तिसऱ्या सांजंला म्हातारा पुन्हा हजर. चौथ्यालाही. ज्वारीची सुगी सरेपर्यंत येत राहिला. मरून त्याला दहा वर्षं झाली, पण साक्षीत तो कधी आलाच नव्हता. त्यानं सांगण्याचा ठेका मोडला असता. आणि आकाराम अठरा वर्षांत कुणाच्या दारात असा बसला नव्हता. तारण झालेला माणूस, त्याला वाटत होतं आपलं काम झालं.

हे सगळं त्यानं अर्जुनाला अडखळत सांगितलं. ना ठेका, ना थांबणं.

अर्जुना उठला. धूळ झटकत म्हणाला, “बरं. सांगलीस्नं आलास की पुढचं सांग. तवर बघतो.”

‘तवर’ त्यानं इतकं हळू म्हटलं की आकारामच्या कानात तेवढंच राहिलं.

फाटकापाशी पाळकसाहेब घड्याळ बघत उभे होते. आकाराम गेला, हात जोडले. “माझी साक्ष अजून अर्धीच हाय, साहेब. माफी करा.” साहेब काहीतरी विचारत होते, तोवर हा माघारी फिरलाही.

अर्जुना वाटेवरच्या कडुलिंबापर्यंत पोचला होता. आकारामनं त्याला गाठलं. दम लागला होता.

“आज सांजंला दिवा लागायच्या आत तुझ्या दारात येतो. उद्याबी येतो, परवाबी येतो. काय बोलायचं ते मला ठावं न्हाई, गड्या. पर येतो.”