देवाचं उजवं
चिखलीच्या बबनरावांची लेक अपेक्षा चाकणच्या कंपनीतल्या लातूरकर रविराजशीच लग्न करणार म्हणून अडून बसली, तेव्हा त्यांनी भैरोबाला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एक पडलं. “उजवं!” अपेक्षा ओरडली. “ते आपलं उजवं. देवाचं डावं,” बबनराव म्हणाले. गुरवाला भोसरीतली दुसरी शिफ्ट गाठायची होती. “माझा बाप आपलं धरायचा,” तो म्हणाला. “यूट्यूबवर देवाचं धरत्यात.” अपेक्षाची आई शालनबाई नवऱ्याकडे वळल्या. “अवो, आपल्या लग्नाच्या कौलाला बी ह्येच फूल पडलं व्हतं. मजी देव तवा न्हाई म्हणला व्हता?” बबनरावांनी बायकोकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, मग देवाच्या नकारातून जन्मलेल्या लेकीकडे पाहिलं. “भैरोबा, तुझं काय बी कळत न्हाई,” त्यांनी हात जोडले. “पोरी, बोलव त्याला.”