कोचच्या कमरेचा पट्टा

"सोड मला, वेंडेल. त्या पंचाची टोपी खाऊन टाकतो."

"टोपी नंतर खा, कोच. आधी मागे या." वेंडेलने टाचा गवतात रोवल्या आणि म्हाताऱ्याचा पट्टा मागून ओढला.

बेल क्रीक कॉलेजच्या मैदानावर दर शनिवारी, अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला, हेच चालायचं. पंचाने शिट्टी मारली, की मुख्य कोच हॉलिस टर्नबो चवताळून त्याच्या अंगावर निघायचा. काटकुळा माणूस, पण जोर बैलाचा. कोचने कडेची पांढरी रेघ ओलांडली की पंच पिवळा रुमाल फेकतो आणि शिक्षा सगळ्या टीमला होते. म्हणून असिस्टंट कोच वेंडेल मागे उभा. एका हातात डावांचा कागद, दुसऱ्यात कोचचा पट्टा.

डाव सगळे वेंडेलच आखायचा. कुठल्या पोराने चेंडू काखेत मारून कुठून पळायचं, ते त्याच्या डोक्यातून यायचं. पण मिसिसिपीतल्या त्या गावाला तो माहीत होता फक्त पट्टा धरणारा म्हणून. ओढून ओढून त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब झाला होता. खोटं वाटत असेल तर त्याच्या शिंप्याला विचारा. एकदा तर कोचने रेघेच्या कडेकडेने अशी मुसंडी मारली, की वेंडेल मोज्यांवर घसरत पार दुसऱ्या टोकाला गेला. बूट मागे जागच्या जागी उभे. नाड्या बांधलेल्या.

असिस्टंट कोचचा संसार खोक्यांतच असतो. आज हे कॉलेज, उद्या ते. वेंडेलच्या बायकोने, लोरीनने, लग्नातल्या ताटल्या अजून कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. "तू मुख्य कोच होशील त्या दिवशी काढीन," म्हणायची.

आणि या आठवड्यात बोलावणं आलं. टेनेसीतल्या एका कॉलेजला मुख्य कोच हवा होता. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"काय सांगणार आहेस?" सकाळी नाश्त्याला हॅम कापता कापता लोरीनने विचारलं.

"नाही म्हणून सांगणार. यंदा आणखी एकदा रुमाल पडला, तर कॉलेज म्हाताऱ्याला घरी बसवणार आहे. मी गेलो तर त्याला धरणार कोण?"

"आणि माझ्या ताटल्या?"

वेंडेल पावासारखं मऊ बिस्किट ग्रेव्हीत बुडवत राहिला. लोरीनने सुरीची धार अंगठ्याने बघितली.

दुपारी मैदानावर वेंडेलने सवयीने कोचच्या कमरेला हात घातला. रोजचा खेचराच्या कातड्याचा जाड पट्टा आज नव्हता. हा तपकिरी, जुना. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि खेळ सुरू झाला.

शेवटच्या मिनिटाला बेल क्रीकचा पोरगा चेंडू घेऊन पार टोकाला पोचला, म्हणजे मॅच जिंकलीच. पंच म्हणाला, पाय कडेच्या रेघेबाहेर पडला होता, गुण नाहीत. झालं. कोच सुटला. वेंडेलने सगळा जीव हातात आणून ओढलं.

तड.

वेंडेल बुडावर आपटला. हातात नुसता पट्टा. बँडवाल्याची काठी ढोलावर यायची ती हवेतच थांबली. वरून चाललेली घारसुद्धा थांबली म्हणतात. पंचाचा हात रुमालाकडे गेला.

कोच रेघेपर्यंत गेला आणि उभा राहिला. बुटाचं टोक रेघेच्या अलीकडे, केसभर. एका हाताने त्याने पँट सावरली, दुसऱ्याने टोपी काढली.

"साहेब, आईसाहेब कशा आहेत? गुडघा धरला होता ना त्यांचा?"

"ब… बऱ्या आहेत," पंच म्हणाला. "काठी घेऊन चालतात."

"माझा नमस्कार सांगा."

कोच वळला आणि शांतपणे चालत परत आला. मॅच हातची गेली ती गेलीच, पण रुमाल पंचाच्या खिशातच राहिला.

वेंडेल अजून गवतातच बसला होता. "कोच, तुम्हाला थांबता येतं?"

"येतं की."

"मग इतकी वर्षं मी काय ओढत होतो?"

"मागून ओढणारा असला की पुढे धावायला मजा येते रे." म्हाताऱ्याने त्याला हात देऊन उठवलं. "आता जा. टेनेसीवाले फोनची वाट बघत असतील."

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

कोचने वर, लोकांच्या बाकांकडे बघितलं. तिथे लोरीन उकडलेल्या शेंगा सोलत, भलतीकडेच तोंड करून बसली होती.

"पट्टा नीट बघ, पोरा. तुझाच आहे," कोच म्हणाला. "सकाळी ती देऊन गेली. आतून सुरी फिरवून."