जेठाची खुर्ची

"अजून जवळ घे," गुलाबसिंग म्हणाला. मुनीम रामलालने त्याची खुर्ची खासदारबाईच्या खुर्चीला पार टेकवली, तेव्हा कुठे तो बसला.

दिग्रसला त्याच्या नव्या जिनिंगचं, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, उद्घाटन होतं. शेजारी बिजलीबाई, हनुवटीखाली घुंघट ओढून. त्याच्या धाकट्या भावाची बायको. तांड्याची रीतच तशी होती. जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, समोर असला की भावजयीने तोंड दाखवायचं नाही आणि उघडायचंही नाही. जेठानेही तिच्याशी थेट बोलायचं नाही.

सात वर्षांपूर्वी तिचा नवरा खेमसिंग खासदार असतानाच वारला. बायांनी तिच्या दंडावरच्या सवाष्णपणाच्या बांगड्या कायमच्या उतरवल्या. तेरावं झालं आणि गुलाबसिंगने तिलाच पोटनिवडणुकीला उभं केलं. जिल्ह्याने तिचा चेहरा पोस्टरवर पाहिला, तसाच त्यानेही. तिचा आवाज तर त्याने कधी ऐकलाच नव्हता. सभा मारेगावची असो की दारव्ह्याची, तो शेजारी खुर्ची टाकायचा, बाई मुकी व्हायची आणि माईक आपसूक त्याच्या हातात यायचा. कुलूप काही लोखंडाचंच असावं लागत नाही.

दिल्लीच्या सभागृहात मात्र जेठाला खुर्ची नव्हती. तिथे बाई हळूहळू बोलायला शिकली होती.

आणि आज दुपारी बारा वाजता लोकसभेत कापसावर चर्चा होती. भाव पडलेले होते. सरकारी खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर व्यापारीच आपला कापूस खपवत होते. त्यात पहिलं नाव कुणाचं, हे बाईने शोधून काढलं होतं. तिचा सहायक श्रीकृष्ण हे चाचरत गुलाबसिंगपाशी बोलून गेला, आणि गुलाबसिंगची झोप उडाली. ती तिथे उभी राहून बोलली असती, तर जिनिंगला टाळं आणि त्याला तुरुंग.

म्हणून चार दिवस ती घराच्या माजघरात बंद होती. तिचा फोन त्याच्या खिशात, दाराशी हिरासिंग. दार उघडायचं ते फक्त जेवणाच्या ताटासाठी. काल सकाळी एकदाच जास्तीचं उघडलं, सून बबिता माहेरी निघाली तेव्हा. काकीच्या पाया पडायला ती आत गेली आणि घुंघटातच हुंदके देत बाहेर आली. गुलाबसिंगने स्वतः तिला दारव्ह्याच्या जीपमध्ये बसवलं. "हळू ने रे," त्याने जीपवाल्याला बजावलं, "घरची लक्ष्मी हाये."

आज हिरासिंगला त्याने जिनिंगच्या फाटकावर उभं केलं होतं. चर्चा संपेपर्यंत बाईने मांडवातून हलायचं नव्हतं.

मंचाच्या पायथ्याशी, लोकांकडे तोंड करून, मोठा टीव्ही ठेवला होता. भारनियमनाचे दिवस, म्हणून जनरेटरही आणलं होतं. कल्पना त्याचीच. दिल्लीत कापसावर बोलणं चाललंय आणि आपली बाई इथे नारळ फोडतेय, हे लोकांनी डोळ्यांनी बघावं. पुढच्या वेळी तिकीट आपल्या प्रेमला. पोरगा तसा बरा होता, सांगितलेलं ऐकायचा.

"श्रीकृष्ण, बाईले विचार, पाणी पाह्यजे काय?"

श्रीकृष्णने वाकून विचारलं. घुंघट डावीकडून उजवीकडे हलला.

"नको म्हणतात."

"म्हणते कुठं? मान हलवते," गुलाबसिंग हसला. ऊन तापलं होतं. कापसाचे तंतू घामाला चिकटत होते. घुंघटाआड ती कशी बसली असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

तेवढ्यात तांड्यातली म्हातारी मथुराबाई काठी टेकत मंचावर चढली.

"काहून वं बाई! तुले दिल्लीले बोलाले धाडलं होतं, नारळ फोडाले नाही! आमचा कापूस घरात पिवळा पडून राह्यला, अन् तू इथं बाहुलीसारखी बसली?"

मांडवात हशा झाला. शिट्ट्याही वाजल्या. रामलाल तिला खाली उतरवायला धावला.

"बोलू दे मावशीले," गुलाबसिंगने त्याला थांबवलं. हेच तर त्याला हवं होतं.

"ऊठ! जाय दिल्लीले!" मथुराबाईने लांब बाहीवरूनच बाईचा दंड धरून गदागदा हलवला. आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने दंड पुन्हा एकदा चाचपला. घुंघटाकडे पाहिलं. मग चुपचाप खाली उतरली आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसली.

"काय मावशी, सरलं बोलणं?"

"सरलं, बापू. आता मले टीव्ही पाहू दे."

बारा वाजून गेले. मंचावरून टीव्हीची पाठच तेवढी दिसत होती, आवाज मात्र स्वच्छ येत होता. एकामागून एक सदस्य बोलले. मग अध्यक्षांनी नाव पुकारलं, "श्रीमती बिजलीबाई."

सगळा मांडव मंचाकडे वळला. गुलाबसिंगने पाय पसरले. घुंघट खाली झुकला होता आणि त्याच्याआड खांदे हलत होते. रडते आहे, त्याला वाटलं. रडू दे.

मग टीव्हीतून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, मी रडगाणं घेऊन आलेली नाही. मी नावं घेऊन आले आहे."

पुढच्या कुणाला तरी बोलावलं असणार. गुलाबसिंगने मांडी थोपटली.

"कोन हाये रे ही? झकास बोलते."

श्रीकृष्णच्या हातातली फाइल खाली पडली, कागद मंचभर पसरले, पण तो वाकला नाही.

"पहिलं नाव दिग्रसच्या एका जिनिंगच्या मालकाचं आहे," आवाज पुढे म्हणाला.

मांडवात आता कुणी हसत नव्हतं. लोकांच्या माना टीव्हीकडे गेल्या, मंचाकडे आल्या, पुन्हा टीव्हीकडे गेल्या. फक्त जनरेटर धडधडत होतं. मथुराबाई काठीवर भार देऊन उठली आणि मंचाकडे बघून मोठ्यांदा म्हणाली,

"काढ आता घुंघट, बबिता पोरी. केव्हाची उकडून राह्यली असशीन."