शेवटची वाफ

गायक ओस्मो मोबाइलवरून श्रोत्यांची मतं मोठ्यानं वाचत होता आणि ड्रमवाला तूरे बाकावर बसून ऐकत होता. बँडच्या दुसऱ्या अल्बमला काहींनी पार धुतलं होतं. शेवटच्या गाण्याचा शेवट मात्र झाडून सगळ्यांना आवडला होता.

"गिटार थांबतात, तापल्या दगडांवर पाणी पडतं आणि कुणीतरी तृप्तीचा सुस्कारा सोडतं. अंगावर काटा आला," ओस्मोनं वाचलं. "भारी डोकं लढवलंस लेका! कधी घातलंस हे?"

"मी? मला वाटलं, तू घातलंस."

दोघांनीही कोपऱ्यातल्या दगडांच्या भट्टीकडे पाहिलं. तूरेच्या आजोबांचं हे वाफेनं न्हायचं सौनाघर त्यांनी रेकॉर्डिंगसाठी बळकावलं, तेव्हापासून वाद्यं खराब होतील म्हणून भट्टी पेटवलीच नव्हती.

"सगळ्यांचं न्हाणं झालं, की आजोबा शेवटची वाफ इथल्या राखणदारासाठी सोडायचे," तूरे पुटपुटला. "आपण त्याला दोन हिवाळे थंडीत ठेवलं."

"गप रे! बाहेर तळं गोठलंय आणि तुला भुतं सुचतायत!" ओस्मो खेकसला.

तूरे त्याच्याकडे बघतच राहिला. बोलता बोलता ओस्मोनं कोट काढून ठेवला होता आणि आता तो बाहीनं मानेवरचा घाम पुसत होता.