पांढरं ते जिवंत

"अंगात ऊब असेल ते हिच्यात पांढरं दिसतं," मुंबईहून आणलेली शिकारीची दुर्बीण दाखवत थोरला म्हणाला. ती आबांच्या बंदुकीवर बसवून, भात तुडवणारा रानडुक्कर आज मारायचाच होता.

दिवेलागणीला धाकट्याने ओटीवरून ती फिरवून पाहिली. अंगणातली म्हैस पांढरी, उघड्या दारातून चुलीपुढची आई पांढरी, फांदीवर बसलेल्या कोंबड्याही पांढऱ्या. तो लहान मुलासारखा खिदळला. मग ओटीच्याच कोपऱ्यातल्या खाटेवर दुपारपासून झोपलेले आजारी आबा दिसले. त्यांचा चेहरा मागच्या भिंतीइतकाच काळा.

"दादा, बिघडली वाटतं ही."

थोरल्याने आबांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. धाकटा आईला हाक मारणार, तोच थोरल्याने त्याचं मनगट धरलं.

"गप! बंदुकीचा परवाना आबांच्या नावावर आहे. ते गेल्याचं कळलं की बंदूक ठाण्यात जमा. आजची रात्रच काय ती आपली."

आतून आईने विचारलं, "उठले का रे ते? चहा ठेवू?"

"गाढ झोपलेत," थोरला काडतुसं खिशात टाकत म्हणाला. "आम्ही येईपर्यंत उठवू नकोस."