अठरा सदरे

दोरीवर अठरा सदरे होते आणि न्यायला एकटा कॉन लूबी आला.

व्हर्जिनियाच्या थंडीत सदरे पुठ्ठ्यासारखे ताठ झाले होते. ऊना हॅनरटीनं ते परवा धुतले, तेव्हा आयरिश पलटणीतली ही तुकडी सगळी जिवंत होती. काल दुपारी टोप्यांत हिरव्या डहाळ्या खोचून ती नदीपलीकडची टेकडी चढायला गेली. वर दगडी भिंतीआड अमेरिकेच्या यादवीतली दक्षिणेची फौज बंदुका रोखून बसली होती. चढणं कसलं, ते रांगेनं मरणंच होतं. मढी अजून तिकडेच पडली होती. इकडे होते ते सदरे.

"हाताला काय झालं?" ऊनानं विचारलं.

"दोन बोटं गेली. बाकीचा आहे."

ऊना पलटणीची धोबीण. पण मायदेशी आयर्लंडात, तिच्या गावात, कुणी मेलं की पहिलं बोलावणं तिला यायचं. मयताच्या उशाशी बसून हेल काढून रडणं हे तिचं काम. त्यात मेलेल्याचा बाप यावा लागतो, आजा यावा लागतो, घरामागचा ओढासुद्धा यावा लागतो. नाहीतर गेलेल्याला वाट सापडत नाही.

म्हणूनच चार दिवसांपूर्वी तिनं कॉनला परत पाठवलं होतं. सदरा धुवायला टाकताना तो हळूच म्हणाला होता, "मावशी, माझं काही झालं तर माझ्यावरही रडशील ना?"

"बापाचं नाव काय तुझ्या?"

ते कॉनला ठाऊक नव्हतं. दुष्काळाच्या साली तो अनाथालयाच्या दारात सापडला. लूबी हे तिथल्या रखवालदाराचं आडनाव.

"मग रडू कशाला धरून?" ती बोलून गेली. तेव्हापासून ते तिलाच टोचत होतं.

आता तिनं पहिला सदरा हातात घेतला. कॉलरला निळ्या दोऱ्याची गाठ. तिला वाचता येत नसे, म्हणून या गाठी.

"फेलिम टूही," ती म्हणाली. "क्लेअर परगण्याचा फेलिम..." आणि अडली. वर्षभर यांचा घाम धुतला, पण कुणाला त्याचा बाप विचारला नव्हता. "नुसती मळकी कापडं टाकून गेले रे सगळे. मला कुणाचं काही ठाऊक नाही." तिचे डोळे भरून आले.

"मॅथ्यू नालबंदाचा मुलगा," कॉन म्हणाला. "आजा लॉर्कन. त्यानं जमीनदाराच्या घोड्याला मुद्दाम उलटा नाल ठोकला होता. घरामागं विहीर आहे, पाणी मचूळ. पण फेलिम म्हणायचा, असलं पाणी जगात नाही."

"तुला रे कसं माहीत?"

"शेकोटीपाशी सगळे आपापल्या घरच्या बाता मारायचे. मला सांगायला काही नव्हतं. ऐकत बसायचो."

ऊनानं डोळे मिटले आणि हेल काढला. मॅथ्यू नालबंदाच्या लेका, मचूळ विहिरीच्या धन्या... आवाज नदीपर्यंत गेला. पाण्यावर आलेले दोन शिपाई बादल्या खाली ठेवून उभे राहिले.

मग दुसरा सदरा, तिसरा. कॉन सांगायचा, ती रडायची. नवव्याला ती चुकली.

"गिल्हूलीच्या दोन बहिणी..."

"तीन," कॉननं थांबवलं. "धाकटी बोटीवर गेली, तापानं. तिला सोडू नकोस."

ऊनानं गिल्हूली पुन्हा पहिल्यापासून घेतला.

उन्हं कलली तेव्हा सतरा सदरे टोपलीत गेले होते. अठराव्याला गाठच नव्हती. बिनगाठीचा तो कॉनचा, एवढं तिला पाठ होतं. त्यानं एका हातानं तो ओढून पाहिला, जमेना. मग तिनंच काढला आणि त्याचा ताठरपणा जाईपर्यंत छातीशी धरून उभी राहिली.

"मावशी," कॉन म्हणाला, "आता माझं काही झालं तर?"

"आता तुझ्यावर म्हणायला सतरा घरं आहेत माझ्याकडे." तिचा आवाज पार चिरकला होता. "पण गळा बसलाय माझा. तेव्हा इतक्यात मरबिरू नकोस. चल, हात घाल बाहीत."