मयत निधी: दोन रुपये

"सही करा, वहिनी," गिरणीचे पगार कारकून भैयाजी यांनी खिडकीतून पाकीट पुढं सरकवलं. "अकराशे आहे. मयत निधीचे."

गोपिकानं पाकिटाला हात लावला नाही. तिचा नवरा रुपराव जाऊन बावीस दिवस झाले होते. मागं रामटेकहून आलेला तिचा भाऊ उभा होता. "पोरीची शाळा सोडव, खोली खाली कर, अन् चाल माह्यासंगं," असा त्यानं चार दिवसांपासून धोशा लावला होता. खोलीचं थकलेलं भाडं, जयाची मॅट्रिकची फी, फंडाचे पैसे मिळेपर्यंतचा किराणा. अकराशेत सगळं बसत होतं. तिनं ते मनातल्या मनात मांडूनही टाकलं होतं.

हिशेबात गोपिकाचा हात धरणारं मोहल्ल्यात कुणी नव्हतं. दर दहा तारखेला रुपराव पगाराची चिठ्ठी तिच्या हाती देई आणि आरोपीसारखा समोर बसे. वहीत डावीकडं ती पगार आणि महागाई भत्ता लिही, उजवीकडं कटौती. फंड ठीक, विमा ठीक, सोसायटीचा हप्ताही ठीक. पण गिरणीत कुणी वारलं, की मयत निधीच्या यादीतल्या प्रत्येकाच्या पगारातून दोन रुपये कापले जात आणि ते मयताच्या घरी दिले जात. हे दोन रुपये तिच्या डोळ्यांत खुपत. "ज्याले आपण कधी पाह्यलं बी नाही, त्याच्यासाठी काहून कापू द्याचं?" असं म्हणून म्हणून तिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी गेल्या दिवाळीत त्याला यादीतून नाव काढून घ्यायलाच लावलं. रुपराव दोन दिवस धड जेवला नाही. ती मात्र खुशीत होती. त्यानंतर गिरणीतले पाच जण वारले, आणि तिचे दहा रुपये वाचले.

आता हे अकराशे. मुकाट्यानं घ्यावेत आणि घरी जावं. कारकुनाची चूक, आपल्या बापाचं काय जातं? पण जमेच्या बाजूला खोटा पैसा तिनं जन्मात लिहिला नव्हता. आणि हे लिहायचे तरी कशापोटी?

"भैयाजी," भाऊ ऐकतोय हे ठाऊक असूनही ती म्हणाली, "हे आमचे नाही. त्यायचं नाव यादीत नव्हतं. मीच काढाले लावलं होतं."

"मले मालूम आहे. माह्याच हातानं खोडलं ना."

भैयाजींनी एक लांबलचक कागद तिच्यापुढं उलगडला. साडेपाचशे नावं. कुठं सही, कुठं अंगठा, आणि प्रत्येकापुढं दोन रुपये. वरून तिसराच अंगठा पंचफुलाचा होता. तिचा नवरा दिवाळीनंतर वारलेल्या त्या पाच जणांतलाच. आता ती त्याच्याच खात्यात झाडू मारत असे.

गोपिकाला रडू आवरेना. जयाची शाळा सुटणार नव्हती, डोक्यावरचं छप्पर जाणार नव्हतं. कुणाचे तरी पाय धरावेत असं तिला फार वाटलं, पण साडेपाचशे माणसांचे पाय धरायचे कसे? पदरानं डोळे पुसत तिनं सही केली.

"इतक्या लोकायच्या पगारातून तुम्ही कापले," ती कशीबशी म्हणाली. "किती शिव्या देल्ल्या असतील मले."

"कापले नाही, वहिनी. यादीत नाव नसलं त कापताच येत नाही. लोकायनं आपला पगार घेतला, अन् परत याच खिडकीपुढं लाईन लावून एकेकानं हातानं आणून देल्ले."